आठ मिलिमीटरची फट

१

सकाळी साडेनऊला काचेच्या कपाटातला सपाट नमुना नाहीसा झाल्याचं लक्षात आलं, आणि पावणेदहाला माझा दादा चोर ठरला. मधल्या पंधरा मिनिटांत सगळ्या खोल्या धुंडाळून झाल्या, पण कुणी आवाजही चढवला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसावर आळ घ्यायचा तर निदान थोडा आरडाओरडा तरी करावा.

मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर काम करते. तयार झालेल्या मोबाइलची मापं तपासायची आणि नापास माल परत पाठवायचा, हे माझं काम. त्यामुळे मला सगळे मापवाली म्हणतात, आणि बहुतेकांना मी आवडत नाही. वरच्या मजल्यावर नव्या मोबाइलचे नमुने हाताने घडवतात. तिथला कारागीर म्हणजे माझा थोरला भाऊ. आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्या लग्नापर्यंत सगळं त्यानेच निस्तरलं.

मला निरोप आला तेव्हा मी धावतच वर गेले. दादा आपल्या घासकामाच्या टेबलापाशी स्टुलावर बसला होता, हात मांड्यांवर ठेवून. कपाटाची चावी गळ्यात दोऱ्याला लटकत होती, नेहमीसारखी. कपाटाला कुलूप होतं. आत शिंपला नावाचा नमुना दिव्याखाली चमकत होता आणि शेजारी सपाट नमुना उभा ठेवायची लाकडी घोडी रिकामी होती.

"मला पोलीस बोलवायची हौस आहे का?" मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्यांचे डोळे लाल झाले होते. "दोन वाजता गिऱ्हाईक येतंय. दोन नमुने दाखवायचं कबूल केलंय. हे काम गेलं तर हा मजला बंद करावा लागेल मला. आणि चावी एकच आहे. ती कुणाच्या गळ्यात आहे ते तुम्हीच बघा."

"दादा, अरे बोल ना काहीतरी," मी म्हणाले.

"चावी काल संध्याकाळपासून माझ्याकडेच आहे," दादा म्हणाला. "कुणाला दिली नाही. आणखी मला काही विचारू नका."

तो खोटं बोलत असता तर मला लगेच कळलं असतं. तो खरं बोलत होता, आणि तरीही काहीतरी गिळून बसला होता. 

मॅडमच्या पाया पडायचंच काय ते मी बाकी ठेवलं. शेवटी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दीड वाजेपर्यंत. त्यानंतर मी फोन करणार."

२

गेलेली वस्तू काय होती ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

एकाच मोबाइलसाठी दोन नमुने केले होते. पहिला शिंपला. त्याची पाठ मधोमध फुगीर आणि कडा निमुळत्या होत होत अगदी पापडासारख्या झालेल्या. टेबलावर ठेवला की फुगीर पोट खाली सावलीत जायचं आणि समोरच्याला दिसायची ती फक्त बारीक कड. बघणारा म्हणायचा, अरे वा, काय पातळ आहे! दुसरा सपाट. त्याच्या चारही बाजू ताठ. जी काय जाडी असेल ती सगळी कडेला उघडी, लपवाछपवी नाही. त्याला बघून कुणी अरे वा म्हणालं नाही. ऑफिसातल्या लोकांनी त्याचं नाव वीट ठेवलं होतं.

दोन्ही आकार एकाच माणसाने काढलेले. त्यांना आम्ही कलाकार म्हणतो. गळ्यात रेशमी रुमाल, बोटांना कायम पेन्सिलीचं शिसं. जाड वस्तू पातळ दाखवावी तर यांनीच, असा त्यांचा लौकिक.

आणि त्या मजल्याचा एक नियम होता. नमुन्यांच्या जाडीचा आकडा कुणालाच सांगायचा नाही, मॅडमनासुद्धा नाही. आकडा कानावर पडला की डोळा नीट बघत नाही, असं मॅडमचं म्हणणं. आधी नजर, मग हात, मग आकडा, या क्रमाने गिऱ्हाइकाला दाखवायचं. आकड्याचं पाकीट बंद करून त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवलेलं असे. आकडे ठाऊक असत ते फक्त तिघांना. आकार काढणारे कलाकार, घडवणारा दादा आणि घासून रंगवणारी ढब्बू.

ढब्बू म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून हे नाव पडलं. आता सव्वीस वर्षांची आहे आणि काडीसारखी झालीय, पण नाव काही सुटलं नाही. त्या दिवशी ती दाढ दुखते म्हणून रजेवर होती. फोन बंद.

माझ्या डोक्यात एकच आशा होती. त्या कपाटाच्या सरकत्या काचेबद्दल दादा कितीदा कुरकुरला होता. कुलूप लावलेलं असलं तरी काच एका बाजूला रेटली की चौकटीपाशी उभी फट पडायची. चावी नसलेल्या माणसाने त्या फटीतून नमुना ओढून काढला असेल तर?

मी आधी मॅडमना विचारलं. त्यांनी मान हलवली. "ती फट मला माहितेय. शिंपला एखादवेळेस जाईल त्यातून. पण वीट? मोबाइलच्या आतलं यंत्र करणारे लोक म्हणत होते, सपाटासाठी यंत्र बारीक केलंय म्हणून. मला तर तसं काही दिसलं नाही."

मग विक्रीप्रमुख. यांना पाठीमागे सगळे साखरतोंड्या म्हणतात. सपाट गेल्याचं त्यांना मनातून बरंच वाटलं असावं.

"ताई, तुमच्या दादांबद्दल मला किती आदर आहे म्हणून सांगू! पण ते धूड फटीतून जाणं शक्य नाही हो. मी तर कधीपासून सांगतोय, असली वीट बाजारात चालणार नाही. काल संध्याकाळी कलाकारांनीच दादांना कपाट उघडायला लावून शिंपला मधोमध दिव्याखाली आणला आणि ती घोडी कडेला सरकवली. बरंच केलं. नजरेला खुपत होती."

"कपाट नंतर बंद झालं?"

"माझ्यासमोर. दादांनी कुलूप ओढून पाहिलं. तेव्हा वीट आत होती. मग तासभर आम्ही सगळे इथेच आपापल्या खोलीत होतो."

शेवटी कलाकार. ते खोलीत भिंतीवरच्या मोठ्या रेखाटन-फळ्यासमोर उभे राहून काहीतरी खोडत होते. मी फटीचं नाव काढताच ते हसले.

"सपाट? त्या फटीतून? बाई, त्याला आधी रंध्याने तासावं लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या भावाने केलं असेल तर काही अडचणीमुळेच केलं असेल. मी मॅडमना सांगेन, सांभाळून घ्या म्हणून."

त्यांच्या त्या सांभाळून घ्या म्हणण्याने माझं उरलंसुरलं अवसान गळालं. तिघांनी एकच सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मीही सपाट नमुना कितीदा काचेतून पाहिला होता. वीटच ती.

बारा वाजले होते.

३

मी दादापाशी जाऊन बसले. तो अजून तसाच होता. कुणीतरी दिलेला चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती.

"दादा, तूच घेतलास का?"

हा प्रश्न मी विचारला. मी, जिला त्याने वाढवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"हो म्हटलं तर प्रकरण मिटेल का?" त्याने विचारलं.

"मिटेल कसं? तुला घेऊन जातील!"

"मला नेलं तर चालेल."

मला नेलं तर.  म्हणजे दुसऱ्या कुणालातरी नेलेलं त्याला चालणार नव्हतं. मी त्याचा हात धरला. 

"ढब्बू कुठाय, दादा?"

 त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दुसऱ्या एका कंपनीचं पत्र होतं, आमच्याच धंद्यातल्या. ढब्बूला नोकरी देऊ केली होती आणि कळवण्याची मुदत आज संपत होती.

"तिच्या पिशवीत सापडलं परवा," दादा कुजबुजला. "मला बोलली नाही एका शब्दाने. आणि काल मी कुलूप लावून खाली उतरलो, तर ही डबा विसरला म्हणून एकटीच परत वर गेली. दहा मिनिटं. आणि आज दाढ. तिची दाढ कधी दुखली नाही गं."

"पण तिच्याकडे चावी कुठे होती?"

  मी त्याला हलवलं, रडले, चिडले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. चावी नव्हती, या एका गोष्टीवर बापाने हुश्श म्हणायला हवं होतं. त्याऐवजी तो आणखी घाबरला होता.

४

साडेबाराला मी मॅडमना म्हटलं, मला कपाट उघडून हवंय. दादाने गळ्यातला दोरा काढून मुकाट्याने माझ्या हातात दिला.

निदान एवढं तरी दाखवू की फटीतून काहीतरी निघू शकतं, म्हणून मी शिंपला हातात घेतला. काच लोटून कुलूप लावलं, काच एका बाजूला रेटली आणि शिंपल्याची ती पापडासारखी कड फटीत घातली. कड अलगद आत गेली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच तो अडकला. मी फिरवला, उलटा केला, हलकेच ढकलला. पोटापाशी येऊन ठप्प.

मी तिथेच जमिनीवर बसले. पातळातला पातळ नमुना फटीतून जात नाही. मग वीट कुठून जाणार? मी स्वतःच्या हाताने भावाच्या विरुद्धचा शेवटचा पुरावा तयार केला होता. मागे उभ्या असलेल्या साखरतोंड्यांनी च्च च्च केलं.

किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. शिंपला माझ्या मुठीत होता, आणि मूठ पुरती मिटत नव्हती. त्याचं पोट तळव्यात भरून उरलं होतं.

मापवाली म्हणवते मी. वीस वर्षं लोकांना सांगत आले की डोळ्यावर जाऊ नका, मोजा. आणि सकाळपासून, सख्खा भाऊ पणाला लागलेला असताना, मी एकही वस्तू मोजली नव्हती.

मी खाली धावत जाऊन माझी मोजपट्टी आणली, ती जबड्यात वस्तू पकडून मिलिमीटरचा दहावा भाग सांगते ती. शिंपल्याची कड अडीच. शिंपल्याचं पोट नऊ पूर्णांक तीन. काचेची फट बरोबर आठ.

सपाट तर नव्हताच मोजायला. पण त्याची घोडी होती. दादाने सागाच्या तुकड्यात उभी खोबण कापून केलेली. सपाट तिच्यात पुस्तकासारखा उभा राहायचा, आणि दादा कधी ढगळ खोबण कापत नाही. मी मोजपट्टीची टोकं खोबणीत घातली आणि उघडली.

सात पूर्णांक एक.

मी पुन्हा मोजलं. सात पूर्णांक एक. म्हणजे त्या खोबणीत बसणारी वीट सात मिलिमीटरची होती. शिंपल्यापेक्षा सव्वादोन मिलिमीटरने पातळ! कडेला सगळी जाडी उघडी, म्हणून आम्हाला ती धूड वाटत होती. शिंपल्याने पोट सावलीत लपवलं, म्हणून तो नाजूक वाटत होता. ज्या मजल्यावर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचं काम चालतं, तिथल्या सगळ्यांनी आपल्याच डोळ्यांत ती फेकून घेतली होती.

मी काचेची कड डोळ्यांजवळ घेतली. खालून वीतभर उंचीवर पाटीच्या रंगाची एक बारीक रेघ लागली होती. सपाटाचा रंग. आणि घोडी जिथे सरकवून ठेवली होती, तिची खोबण त्या फटीच्या बरोबर समोर येत होती. लांब पट्टीला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, फटीतून आत घालायची आणि पुस्तक ओढावं तसा नमुना ओढायचा. चावीची गरजच नव्हती.

दादा सुटला. पण आता तो का गप्प होता ते मला समजलं. सपाट फटीतून जातो हे त्याला सकाळपासून ठाऊक होतं. आकडा ठाऊक असलेले तिघेच. तो स्वतः, आणि ढब्बू, आणि...

५

एक वाजून दहा मिनिटांनी मी सगळ्यांना मॅडमच्या खोलीत बोलावलं. दादालाही ओढून आणलं. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली.

"सपाट किती जाडीचा होता, अंदाजाने लिहा. मॅडम तुम्ही, साहेब तुम्ही. कलाकार, तुम्हीसुद्धा."

"हा काय पोरखेळ?" कलाकार म्हणाले. "नियम आहे आपल्याकडे."

"नमुनाच नाही तर नियम कसला," मॅडम म्हणाल्या. "लिहा."

त्यांनी रुमालाची गाठ सैल केली. पेन्सिल थोडा वेळ कागदावर टेकवून ठेवली. मग लिहिलं.

मी चिठ्ठ्या उलगडल्या. साखरतोंड्यांचे बारा. मॅडमचे अकरा. कलाकारांचे अकरा.

"मॅडम, खणातलं पाकीट फोडा."

मॅडमनी पाकीट फोडलं आणि आतला कागद दोनदा वाचला. कागद कलाकारांच्याच अक्षरात होता. शिंपला नऊ पूर्णांक तीन. सपाट सात.

"विसरलो असेन," कलाकार म्हणाले. "दोन महिने झाले त्याला."

"जाड कोण आणि पातळ कोण, हेच विसरलात?" मी म्हणाले.  "मॅडम चुकल्या, साहेब चुकले, मीही चुकले, कारण आम्ही नुसत्या कडेकडे बघत होतो. ती कड काढणारा कसा चुकेल? सकाळी तुम्ही मला म्हणालात, सपाटाला आधी तासावं लागेल. तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं की तो फटीतून सरळ निघतो. काल घोडी फटीसमोर कुणी सरकवली? तुम्ही."

"आणि दादांची पोरगी? ती आज नाही, ते कुणी विचारत नाही!"

दादा खुर्चीतून अर्धवट उठला. मी त्याला खाली बसवलं.

"काचेला रंग लागलाय. रंग ओला नव्हता, पण पक्काही झाला नव्हता. ज्या मुलीने तो परवा चढवला, तिने नमुना काचेला घासून ओढला नसता. कोरडा दिसला म्हणून ओढला तो दुसऱ्या कुणीतरी."

 कलाकार खिडकीकडे गेले. परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"दहा वर्षं मी यांची पोटं लपवली," ते म्हणाले. "जाडजूड यंत्रं द्यायचे आणि म्हणायचे, कलाकार, काहीतरी करा. सपाटाला लपवण्यासारखं काही नव्हतंच. नजरेला नाही पटला तरी हातात घेतल्यावर संपलं असतं. मग मला कोण विचारणार होतं? मी तो फक्त आजच्यापुरता बाजूला ठेवला. फोडला नाही. हात धजला नाही फोडायला."

"आणि यांना तुरुंगात घालायला हात धजला?" मॅडमनी दादाकडे बोट दाखवलं.

सपाट सापडला तो त्यांच्या भिंतीवरच्या रेखाटन-फळ्यामागे. फळा आणि भिंत यांच्यामधल्या करंगळीहूनही अरुंद जागेत. सकाळच्या शोधाशोधीत तीन जणांनी ती खोलीही पालथी घातली होती, पण सगळे वीट मावेल एवढी जागा शोधत होते.

६

दोन वाजता गिऱ्हाईक आलं. त्यांनी आधी शिंपला पाहिला आणि अरे वा म्हणाले. मग दोन्ही हातात घेतले, आणि सपाट हातातून खाली ठेवेनात. कडेवरचा ओरखडा कुणाला दिसलाही नाही. मॅडम दादापाशी येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. दादा राहू द्या, राहू द्या म्हणत राहिला.

चारच्या सुमारास ढब्बू आली. खाली कुणीतरी तिला सगळं सांगितलं असावं, कारण ती जिना धावत चढली आणि बापाला मिठीच मारली.

"बाबा, मी असते तर एका मिनिटात सांगितलं असतं, सात आहे म्हणून! फटीतून आरामात जातो." मग ती मागे झाली. "पण तुम्हालाही माहीत होतं ना? तुम्ही का नाही सांगितलंत?"

दादाने सपाट हातात घेतला आणि ओरखड्यावरून अंगठा फिरवायला लागला.

"बाबा?"

 ढब्बूची नजर मी टेबलावर ठेवलेल्या पत्राकडे गेली. तिने ते उचललं, पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी डबा आणायला गेले होते," ती म्हणाली. "डबाच विसरले होते, बाबा."

"अगं, तसं नाही..."

"आणि आज मी त्यांना नाही म्हणून सांगायला गेले होते. तोंडावर जाऊन सांगावं म्हणून. म्हटलं, बाबांना एकट्याला टाकून कसं जायचं."

 तिला वाचवायला तो तुरुंगात जायला निघाला होता, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "हो ना आत्या," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग तिने आपले ब्रश धुतले, पुसले आणि डबीत नीट लावून ठेवले. दाराशी जाऊन फोन काढला. पाठ आमच्याकडे होती, पण शब्द स्वच्छ ऐकू येत होते.

"नमस्कार. सकाळी मी येऊन गेले ना, रंगकामाच्या जागेसाठी. हो, नाही म्हणाले होते. ती जागा अजून रिकामी आहे का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. ती ऐकत उभी होती. दादाने माझा हात घट्ट धरला, सकाळी मी त्याचा धरला होता तसा.

"असेल ना गं अजून?" त्याने मला हळूच विचारलं. "आता तरी तिला मिळू दे."